बाजूची छोटी फाईल

पहाटे पाच चाळीसला फोन. मांगल्याहून सुयोग.
"मॅडम, मशीन म्हणतंय कुलूप हाय."
मागं किटल्यांचा खणखणाट, कुणाचं तरी "आटपा की".
मी सांगलीत, विश्रामबागेत, डोळे मिटूनच विचारते,
दुसरी खिडकी उघडी आहे का रे?
आहे. काल रात्री महिपती अण्णांनी
बिलं दुरुस्त करायला घेतली, आणि जतन न करता
तंबाखू मळत घरी गेले.

हे बघ, वाचायला सगळं गाव एकदम वाकलं तरी चालतं,
लिहायला मात्र एकच हात.
आडावर रहाट एक.
अण्णांचा पोहरा अजून आत लोंबतोय.
वर घे, नाहीतर सोडून दे. मधेच ठेवू नकोस.
(रांगेत पाच सेकंद थांब, लगेच ओरडू नको,
ही ओळ लिहायला मीच विसरले होते.
ते त्याला सांगितलं नाही.)

डेटाबेस लहान. वेगळा सर्व्हर नाही, राखणदार नाही,
एक फाईल, खिशात मावणारी.
"एवढंच?" संचालक मंडळानं विचारलं होतं,
पैसे द्यायच्या वेळी.

जुलैत फॅटचं यंत्र बंद पडलं.
सुयोगनं रकान्यात शून्य भरलं.
शून्य फॅट म्हणजे पाणी, बाबा.
अख्ख्या गावानं पाणी घातलं असं बिल निघालं
आणि खालची आळी डेअरीच्या दारात.
मोजलं नसेल तर रिकामं ठेव.
रिकामं कशाच्याच बरोबरीचं नसतं,
दुसऱ्या रिकाम्याच्याही नाही.
"मग हुडकायचं कसं?"
कशाएवढं आहे, असं विचारायचंच नाही.
रिकामं आहे का, एवढंच विचारायचं.
त्याला पटलं नाही.
मलाही पहिलं वर्षभर पटलं नव्हतं.

मग एका शुक्रवारी अण्णा स्वतः आले,
एसटीनं, पेन ड्राइव्ह रुमालात बांधून.
"सगळं आणलंय."
उघडलं तर दूध मंगळवारपर्यंतचंच.
अण्णा, शेजारी एक छोटी फाईल होती का,
त्याच नावाची, मागं शेपूट असलेली?
"ती व्हय? कचरा वाटला. पुसणारच हुतो,
तेवढ्यात गाडी आली."
मी इंग्रजीत शिकलेलं सगळं आठवून पाहिलं.
एक शब्द कामाचा नव्हता.
म्हटलं, वासरू गोठ्यात ठेवून
गाय तेवढी आणलीत. पान्हा कसा सोडेल?
अण्णा चहा अर्धा टाकून उठले.

राहिला दोनशे बारा.
धोंडीराम खोत वारले, अण्णांनी नोंद पुसली,
आणि विचारलं, फाईल हलकी का नाही झाली?
जनावर विकलं म्हणून गोठा लहान होतो का?
खुंटा तिथंच राहतो, पुढच्यासाठी.
सगळं उपसून नव्यानं रचायचा हुकूम आहे,
पण त्या आवराआवरीलाही
तेवढीच दुसरी जागा मोकळी लागते.

आणि दोनशे बाराचं दूध तर येतच राहिलं,
सकाळी साडेचार लिटर, संध्याकाळी तीन,
बिलावर नाव कोरं.
आक्काताई रोज त्याच नंबरवर घालत होत्या.
नंबरामागं माणूस आहे का, हे बघणारा नियम
यात असतो, पण मुळात झोपलेला;
दर वेळी दार उघडताना उठवावा लागतो.
मी उठवला नव्हता.
उठवला असता तर पुसतानाच त्यानं
अण्णांचा हात धरला असता,
यांच्या नावावर अजून दूध आहे, पुसता येत नाही.

परवा मांगल्याला गेले. विचारलं, नवा नंबर देऊ?
"दोनशे बाराच राहू दे," त्या म्हणाल्या,
"चिठ्ठीवरचा तेवढाच आकडा मला वाचता येतोय."
सुयोगनं नाव टाईप केलं, काना दोनदा चुकला.
मग किटली काट्यावर.
चार लिटर सहाशे. फॅट सहा पूर्णांक आठ.